सोनाकाकूंचा उजेड

मशीन ओरडायला लागलं तेव्हा माझे हात कणकेत होते. तशीच धावले. बाहेरच्या खोलीत आई खाटेवर उठून बसल्या होत्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून, मान पुढे काढून, आणि नाकातल्या नळीतून काहीच येत नव्हतं. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं, कारण इन्व्हर्टर बंद पडला होता. इन्व्हर्टर का बंद पडला, हे विचारायला घरात त्या वेळी माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मला तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कोपऱ्यातला छोटा सिलिंडर ओढला, तशाच हातांनी त्याची चावी फिरवली, नळी बदलली. थोड्या वेळानं ओठांचा जांभळेपणा उतरला. बोलण्यापुरता दम आला तशा आई म्हणाल्या, "आधी हात धू. सिलिंडरला कणीक लागली." असं ते माणूस. जीव जाईल, पण घाण चालायची नाही.

ही गोष्ट येवल्याची, भारनियमनाच्या वर्षांतली. दिवसातून दोनदा वीज जायची आणि वेळापत्रक दर महिन्याला बदलायचं. आमची गल्ली पैठणी विणणाऱ्यांची, घरटी एक खड्ड्याचा माग. माणूस कमरेपर्यंत खड्ड्यात बसतो आणि पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायांनी दाबायच्या फळ्यांवर. त्या खोल्या इतक्या कोंदट की भर दुपारीसुद्धा मागावर बल्ब लागतो. मी लोल्यांची सून, हेमलता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सोनाबाई. गल्ली त्यांना सोनाकाकू म्हणायची. सारा जन्म रेशीम रंगवण्यात आणि विणण्यात गेला, आणि शेवटी फुफ्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी मशीन ठेवायला सांगितलं होतं, हवेतून ऑक्सिजन ओढून नळीनं नाकात सोडणारं. वीज असली की ते भिंतीच्या बोर्डावर चालायचं. वीज गेली की मी त्याचा प्लग काढून इन्व्हर्टरवर लावायचे. मशीनसाठी नवी बॅटरी घेतली, तिला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सुरुवातीला वीज येईपर्यंत आरामात पुरायची, आणि आता अर्ध्यातच मान टाकायला लागली होती.

आमचे हे संध्याकाळी बाजारातून आले. त्यांना सगळं सांगितलं. माणूस सोन्यासारखं, पण एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बायको असली की तोंडात मिठाची गुळणी. म्हणाले, निसारभाईंना बोलवू.

निसारभाई आमचे इन्व्हर्टर मिस्त्री. तोंडानं जरा मोठे, स्वतःची तारीफ स्वतःच करणारे, पण कामाला पक्के. त्यांनी बॅटरीची सहाही बुचं उघडली, काचेच्या नळीत पाणी ओढून आतला तरंगता काटा बघितला आणि मान हलवली. बॅटरी खराब नाही म्हणाले, पण उपाशी आहे. मला ते काही समजेना. रोज वीज येते, रोज आपण चार्जिंगला लावतो, मग उपाशी कशी? तेव्हा त्यांनी मला समजावलं, आणि ते त्यांच्याच शब्दांत माझ्या लक्षात राहिलंय.

"भाभी, उन्हातून आलेला माणूस पाणी कसं पितो? आधी घटाघटा. मग घोट घोट. मग नुसता तांब्या ओठाला लावतो. बॅटरी तशीच पिते. घटाघटा पिते तेव्हा इन्व्हर्टर घूं घूं करतो, पंखा फिरतो. पण तेवढ्यात पोट भरत नाही, पाऊण भरतं. उरलेलं पाव ती घोट घोट पिते आणि त्यालाच जास्त वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही, तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. मग ती रोज थोडी थोडी कमी प्यायला लागते."

"आणि तिसरं? ओठाला लावायचं?"

"ते भरल्यावर. जेवढं आपसूक उडतं तेवढंच टाकत राहायचं. तिथपर्यंत तुमची बॅटरी किती तरी महिन्यांत गेलेलीच नाही."

मग त्यांनी विचारलं, या बॅटरीवर अजून काय काय चालतं? मी खिडकीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. आमच्या खिडकीच्या गजांतून तीन वायरी बाहेर गेल्या होत्या. एक समोर वरोड्यांकडे, एक खंदाऱ्यांकडे, एक फाश्यांकडे.

या वायरी आईंच्या. इन्व्हर्टर पहिल्यांदा आमच्याकडे आला तो मागाच्या बल्बसाठी, आई धडधाकट होत्या तेव्हा. पहिल्याच संध्याकाळी आमच्याकडे उजेड आणि साऱ्या गल्लीत काळोख. आई ताटावरून उठल्या. शेजारी अंधार असला की घास उतरत नाही म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्याकडून तीन वायरी ओढून घेतल्या, प्रत्येकाच्या मागावर एक बल्ब. तेव्हा कुठलं आलं होतं ऑक्सिजनचं मशीन. पुढे मशीन आलं, पण वायरी तशाच राहिल्या. त्यांचा जोड आईंच्या खाटेच्या वरच होता, बोर्डावर, त्यांच्या हाताच्या अंतरावर. तो काढायचं मी एकदा नुसतं सुचवलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

निसारभाई वायरींकडे बघून जरा अडखळले. दाढी खाजवली. "तो लोड... बघा, विचारून बघा," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण हा माणूस एका वाक्यावर कधी थांबत नाही.

त्यातच वायरमन गल्लीत सांगून गेला, की रविवारी खांब आणि तारा बदलायच्यात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नाही. मी डॉक्टरांकडे धावले. मोठा सिलिंडर मिळेल का विचारलं. त्या आठवड्यात तालुक्यात सिलिंडरची टंचाई होती, आमच्याकडे होता तोच छोटा, आणि तो फार तर दोनेक तासांचा. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, बॅटरी दिवस काढणार असेल तर ठीक, नाहीतर शनिवारी संध्याकाळी यांना नाशिकला हलवावं लागेल.

हे मी घरी येऊन सांगितलं आणि आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मामंजी नाशिकला गेले होते ते स्वतःच्या पायांनी गाडीत बसून, आणि आले ते चादरीत. त्यामुळे आमच्या घरात नाशिक म्हणजे गावाचं नाव राहिलं नव्हतं. आई मला हाताला धरून म्हणाल्या, "हेमा, मरायला माझी ना नाही. पण इथं. मागाचा आवाज ऐकत. मला तिकडं पाठवू नकोस गं."

त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि आमची रोज एक तरी चकमक ठरलेली. पण ते गं ऐकलं आणि मी म्हटलं, नाही पाठवत. म्हणून तर बसले, आता ते खरं कसं करायचं, याचा मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पदर खोचून मी वरोड्यांकडे गेले. रंगनाथ वरोडे, मी त्यांना भाऊजी म्हणते, मागाच्या खड्ड्यात बसून पदरातला मोर भरत होते. लग्नसराईची साडी होती, वेळेवर द्यायची होती. त्यांची बायको प्रमिलाताई बाजूला नऱ्यांवर रेशीम भरत होती. मी भांडायला गेले नव्हते, पण माझा आवाज जन्मतःच चढा, त्याला मी काय करणार. सांगितलं की आईंची बॅटरी भरत नाहीये, रविवारी दिवसभर वीज नाही, तेव्हा बल्बचा भार आता आम्हाला झेपत नाही. वायर खिडकीला तशीच लोंबू द्या, काढल्याचं आईंच्या लक्षात यायला नको, पण तुमच्याकडून काढून ठेवा. खंदाऱ्यांना आणि फाश्यांनाही सांगा.

भाऊजींचा हात धोट्यावर थांबला. त्यांनी प्रमिलाताईकडे बघितलं. तिनं मान खाली घातली आणि नरी फिरवत राहिली.

"बरं वहिनी," ते म्हणाले. "तसं करू."

एवढंच. कुरकुर नाही, साडी द्यायची आहे हो, असं नाही. मला हायसं वाटलं आणि जरा कसंनुसंही झालं. चहा घ्या म्हणाले, पण मी थांबले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली. मी मशीनचा प्लग इन्व्हर्टरवर टाकला आणि सहज खिडकीतून बघितलं, तर वरोड्यांच्या मागावर बल्ब लख्ख पेटलेला. खंदाऱ्यांकडेही. फाश्यांकडेही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द देऊन दोन दिवससुद्धा झाले नव्हते! माझ्या सासूचा श्वास जाळून हे मोर भरतायत. त्याच पावली जाऊन चार शब्द सुनावले असते, पण आई जाग्या होत्या आणि त्यांच्या कानावर गेलं असतं तर आणखी धाप लागली असती. ओठ चावून बसले. बॅटरीनं त्या दिवशीही अर्ध्यातच मान टाकली आणि वीज येईपर्यंत सिलिंडर लावावा लागला. म्हणजे रविवारसाठी ठेवलेला तोही कमी झाला.

शनिवारी सकाळच्या भारनियमनात निसारभाई आले. मी त्यांच्यावरच उखडले, हे लोक वायर काढतच नाहीत म्हणून. निसारभाईंनी पिशवीतून चिमट्यासारखं एक मीटर काढलं, इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या वायरींना एकेक करून लावलं. बराच वेळ बघितलं.

"बाहेर काही जात नाहीये, भाभी. मशीनला जातंय तेवढंच."

समोरचे बल्ब मग कशावर पेटतात, हे विचारायचं मला सुचलंच नाही. "मग बॅटरी जाते कुठं?"

"जात नाही. भरतच नाही. तेच तर सांगतोय मी पहिल्यापासून." इन्व्हर्टरचा चार्जर त्यांनी मागेच तपासला होता आणि तो ठणठणीत होता. म्हणाले, आता वीज आली की तुम्ही स्वतः इथं बसा, उठू नका, काय होतं ते बघा.

मी बसले. एरवी वीज आली की मी प्लग बदलून, चार्जिंग सुरू झाल्याचा दिवा बघून चुलीपाशी पळायचे. त्या दिवशी दुपारी वीज आली, मी प्लग बदलला आणि आईंच्या पायथ्याशी तांदूळ निवडत बसले. इन्व्हर्टर घूं घूं करायला लागला, त्याचा पंखा फिरायला लागला. आत ह्यांचा माग खटक खटक चालू होता. आई डोळे मिटून पडल्या होत्या. बऱ्याच वेळानं इन्व्हर्टरचा पंखा थांबला, घुंघुं बसत बसत ऐकू येईनाशी झाली. घोट घोट सुरू झालं, मी मनात म्हटलं. आणि आईंचा हात डोळे न उघडता वर गेला, बोर्डावर चाचपला आणि टक. इन्व्हर्टरच्या चार्जिंगचं बटण बंद.

ताट माझ्या मांडीवरून घसरलं.

"आई, हे काय केलंत?"

"भरली ती," आई म्हणाल्या. "आवाज थांबला ना."

विचारलं तेव्हा कळलं की हे रोजचं होतं. मशीन आल्यापासून, दोन्ही वेळा. बाईंनी साठ वर्षं मागाच्या आवाजावर काढली. माग वाजतोय तोवर काम चालू, थांबला की साडी उतरली. इन्व्हर्टरला त्यांनी तोच हिशेब लावला. घुंघुं थांबली की बॅटरी भरली. मग बटण चालू कशाला? एक तर वीज फुकट जळते. दुसरं म्हणजे, भरल्या पोटी वाढत राहिलं तर बॅटरी फुगून फुटते, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. ती फुटली तर मशीन गेलं आणि शेजारच्यांचे बल्बही गेले. म्हणून त्या जिवापाड जपून, पहिला घटाघटा संपला की बटण बंद करत होत्या. वीज गेली की आठवणीनं पुन्हा चालू करून ठेवत होत्या. त्यामुळे मला बटण कधी बंद दिसलंच नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले नाही.  बटण लावलं आणि मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं, घटाघटा आणि घोट घोट आणि ओठाला लावणं. आई ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे रेशमासारखं. पहिल्या उकळीला रंग चढलेला दिसतो, पण काढलं तर कच्चा. नंतर गपचूप ठेवावं लागतं, तेव्हा मुरतो." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मी रोज कच्चंच काढत होते होय गं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगारणीच्या हातून रंग कच्चा राहावा, याचं त्यांना श्वासापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं. मी त्यांचे पाय चेपत बसले.

निसारभाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी कपाळावर हात मारला, हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, चूक सापडली ते बरं झालं, पण इतक्या महिन्यांची उपासमार एका रात्रीत भरून येत नाही. दोन-तीन आठवडे सावकाश पाजली तर सुधारेल. उद्या मात्र ही दुपारपर्यंतसुद्धा टिकायची नाही. ह्यांनी विचारलं, दुसरी बॅटरी मिळेल का कुठे भाड्यानं? निसारभाई म्हणाले, रविवारी वीज नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, दुकानदारांनी आणि दवाखान्यांनी कालच उचलल्या. मग ते अचानक उठले आणि मी येतो म्हणून निघून गेले.

मी आईंची पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, टॉवेल, औषधं. डॉक्टरांना फोन करून गाडीचं सांगायचं होतं. हे दारात उभे. आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दिलेला शब्द माझ्याच्यानं पाळला जाणार नव्हता आणि लुगड्याची घडी काही केल्या नीट बसत नव्हती.

दिवेलागणीला परसदाराची कडी वाजली. उघडलं तर निसारभाई आणि वरोडे भाऊजी. दोघांनी मिळून एक भली मोठी बॅटरी पट्ट्यांनी धरून आणलेली. कपाळावर घाम.

"काकूंना सांगा मिस्त्रीची आहे," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "तुडुंब भरलेली आहे. उद्याची काळजी करू नका."

मला काही समजेना. कोणाची बॅटरी? तेव्हा निसारभाईंनी सांगितलं, आणि कधी नव्हे ते थोडक्यात सांगितलं. ज्या आठवड्यात आईंना मशीन लागलं, त्याच आठवड्यात वरोडे, खंदारे आणि फासे, तिघांनी मिळून स्वतःचा इन्व्हर्टर घेतला होता. वरोड्यांच्या मागच्या खोलीत ठेवला होता, ही त्याचीच बॅटरी. निसारभाईंनीच बसवून दिला होता आणि तिघांनी त्यांच्याकडून कोणाला न सांगण्याची शपथ घेतली होती. आमच्या खिडकीतून गेलेल्या तिन्ही वायरी तेव्हापासून रिकाम्या होत्या. गुरुवारी मी ज्या काढायला सांगून आले, त्या कित्येक महिन्यांपूर्वीच काढलेल्या होत्या.

"मग मला तसं सांगायचं ना, भाऊजी! मी किती तोडून बोलले तुम्हाला."

"काकूंच्या कानावर गेलं असतं," ते म्हणाले. "त्या रोज संध्याकाळी खिडकीतून विचारतात, दिवा लागला का रे? खाटेवर पडल्यापासून तेवढंच एक काम उरलंय त्यांना. ते कसं काढून घ्यायचं?"

मी भिंतीला टेकले. एवढ्या वर्षांत कोणापुढे रडले नव्हते ती त्या दोन बाप्यांपुढे ढसाढसा रडले. भाऊजी अवघडून चपलेनं माती उकरत राहिले.

रविवारी सकाळी तारा उतरल्या. आधी आमची बॅटरी चालवली. तिनं रडतखडत का होईना, तिच्या परीनं साथ दिली. ती संपायच्या आत निसारभाई आले, आईंना घटकाभर सिलिंडर लावला आणि वरोड्यांची बॅटरी जोडली. मशीन चालू झालं ते न थांबता. समोर तिन्ही घरचे माग बंद होते. लग्नाची साडी तशीच ताणलेली होती आणि भाऊजी ओट्यावर बसून होते. मी दोनदा चहा नेऊन दिला. काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून साखर जास्त घातली.

संध्याकाळ झाली तरी वीज येईना. खांबाचं काम लांबलं होतं. अंधार पडायला लागला तसे डॉक्टर स्वतः बघायला आले. भाऊजी टॉर्च घेऊन त्यांना गल्लीतून आमच्या घरापर्यंत घेऊन आले. डॉक्टरांनी आईंच्या बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. छान म्हणाले, आजी, तुम्ही तर जिंकलात. बॅटरी भारी दिसतेय तुमची.

आई सकाळपासून खुशीत होत्या. त्यांनी मान उंचावली.

"माझ्या बॅटरीवर तीन घरचे माग चालतात, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "रंगा, तुझ्याकडे लागलाय ना रे दिवा?"

खाटेवरून त्यांना समोरची घरं दिसत नव्हती. डॉक्टर मात्र खिडकीपाशीच उभे होते. बाहेर सगळी गल्ली काळीठिक्कर, आणि तिच्यातून ते टॉर्चच्या उजेडात ठेचकाळत आले होते. त्यांनी बाहेर बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं.

"लागलाय, काकू," भाऊजी म्हणाले. "चांगला लख्ख आहे."

"मग इथं काय उभा? साडी द्यायचीय ना तुला? जा, बस मागावर."

"जातो," म्हणाले आणि खरंच गेले.

डॉक्टरांना दारापर्यंत सोडलं. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांच्यामागोमाग समोर गेले. प्रमिलाताई अंधारात उंबऱ्यावर बसली होती. घरात चिमणीसुद्धा नव्हती, सोनाकाकूंना रॉकेलचा वास जाईल म्हणून. भाऊजी आत खरोखरच मागाच्या खड्ड्यात जाऊन बसले होते आणि आमच्या खिडकीपर्यंत ऐकू जावं म्हणून रिकामा माग खटक खटक वाजवत होते.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "प्रमिलाताई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

तिनं हात सोडवून घेतले. रागावलीच ती माझ्यावर.

"उपकार? काकूंनी आम्हाला बल्ब दिला, तेव्हा आम्ही हा शब्द काढला होता का? वायर घेतली आणि कामाला लागलो. तू पण बॅटरी घे आणि घरी जा. त्यांच्या जेवणाची वेळ झाली."

मी घरी गेले. मऊ भात कालवला, वर तूप घातलं आणि आईंना भरवला. समोरून मागाचा आवाज येत होता. आई घासाघासाला थांबून तो ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला पुन्हा रडू यायला लागलं. ठसका लागल्याचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. पुढे दीडेक तासानं वीज आली.

आमची बॅटरी निसारभाईंनी तीन आठवडे सावकाश पाजून बरी केली. बोर्डाच्या बटणाला आई पुन्हा शिवल्या नाहीत. उलट कोणी आलं की रंग मुरण्याची गोष्ट सांगून त्यालाच बॅटरी शिकवायच्या. खिडकीतल्या वायरींबद्दल मी त्यांना काही बोलले नाही, गल्लीतही कोणी बोललं नाही. चैत्रातल्या एका दुपारी, ह्यांचा माग चालू असताना, त्या गेल्या. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, माझा हात धरून. नाशिकला त्यांना पाठवावं लागलं नाही, ते त्या तीन घरांमुळे. प्रमिलाताईला राग येतो म्हणून तिच्यासमोर मी उपकार हा शब्द पुन्हा कधी काढला नाही. पण रोज सकाळी दार उघडून समोर बघते, तेव्हा मनातल्या मनात हात जोडते, आणि ते मला अजून कोणी बंद करायला सांगितलेलं नाही.